लाल इंजेक्शन

माझी आई रक्ताला फार मानत असे. घरात कुणाला थकवा आला, कुणाचे केस गळू लागले, फार काय, एखाद्या मुलाचे अभ्यासात लक्ष लागेनासे झाले, तरी तिचे निदान ठरलेले असे : ‘‘रक्त कमी झालंय.’’ तिच्या या श्रद्धेमागे अनुभव होता. १९६६ च्या पावसाळ्यात ती स्वतः अशी काही पांढरीफटक पडली होती, की तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी येणाऱ्या बायका तिला पाहून दारातच थबकत. जीभ लालभडक आणि काचेसारखी गुळगुळीत झाली होती. आमटीतले तिखटसुद्धा तिला सोसत नसे. अंगणातून चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहिली, तरी तिला ते कळत नसे. तळव्यांना जमीनच लागत नाही, असे ती म्हणे. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती आणि मी नऊ.

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला. पेशी संख्येने कमी झाल्या आहेत आणि आकाराने मोठ्या, असे त्यांनी अण्णांना सांगितले. मग इंजेक्शने सुरू झाली. पहिली काही तपकिरी रंगाची होती. ती यकृताच्या अर्काची, हे अण्णांना आणि कंपाउंडरला ठाऊक होते. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आजीला ते शेवटपर्यंत कुणी सांगितले नाही. नंतरची मात्र लाल होती, डाळिंबाच्या रसासारखी लाल. आईची ठाम समजूत होती की त्या एवढ्याशा कुपीत कुणाचे तरी रक्त आटवून भरलेले आहे. ब-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूत कोबाल्ट धातूचा अणू असतो आणि त्यामुळे त्याला तो रंग येतो, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. आणि वाचल्यावर आईला सांगावेसे वाटले, तेव्हा सांगायला ती नव्हती.

त्या इंजेक्शनांनी जादू केली, यात शंका नाही. दिवाळीपर्यंत ती पुन्हा चकल्या पाडू लागली. त्यानंतर महिन्याला एक इंजेक्शन हा आमच्या घरचा कुळाचार झाला. अकरा वर्षे तो चुकला नाही. अधूनमधून रक्त तपासले जाई आणि ते उत्तम निघे. १९७७ च्या दिवाळीनंतर आई पानावरून लवकर उठू लागली. दोन घास खाल्ले की पोट भरते, असे म्हणायची. रक्त तपासले, चांगले होते. वजन उतरू लागले. पुन्हा तपासले, थोडेसे कमी, पण काळजीचे नाही. वैशाखात तिला आगगाडीने नागपूरला नेले. पोट उघडले आणि काही न करता परत शिवले. ज्येष्ठ संपता संपता ती गेली. तिचे वय बावन्न होते.

नागपूरच्या त्या वयस्कर सर्जनने अण्णांना इतकेच सांगितले होते, की बाईंचा रक्ताचा आजार आणि हा आजार ही बहुधा एकाच घरातली भावंडे असावीत. अण्णांना ते उमगले नाही. ते पुढे कितीतरी वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याला एकच वाक्य ऐकवत : ‘‘पण रक्त तर चांगलं होतं.’’

हे सारे इतक्या वर्षांनी पुन्हा उकरून काढण्याचे कारण माझे स्वतःचे पाय. दोन हिवाळ्यांपूर्वी चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर उन्हात बसले असताना लक्षात आले, की फरशी तापली आहे हे हाताला कळते, तळव्यांना कळत नाही. (आम्ही रायपूरची मराठी माणसे ‘कॉलनी’ म्हणत नाही, ‘कॉलोनी’च म्हणतो; पुण्याच्या पाहुण्यांनी हसून घेतले तरी आता ते सुधारणे नाही.) महाराष्ट्र मंडळ आमच्या याच वस्तीत आहे. तिथल्या बायकांच्या बैठकीत मी पायांचा विषय काढला, तेव्हा निम्म्या जणींनी आपले ब-१२ कमी असल्याचे सांगितले आणि कोणत्या गोळीने बरे वाटते तेही सांगितले. आमच्या वयात हे असे चालतेच.

माझे ब-१२ ब्याण्णव निघाले. ते निदान दोनशे तरी असावे लागते. ‘‘शाकाहारी आहात, होणारच,’’ रक्त न्यायला आलेला मुलगा रिपोर्ट देताना म्हणाला. तो चुकीचे बोलत नव्हता. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ही उणीव घरोघर आहे. पण नेमक्या याच सोप्या उत्तराने मी अस्वस्थ झाले. आमच्या डॉक्टरांना मी आईची हकीकत सांगितली, तेव्हा ते काही वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, ‘‘ताई, ॲसिडिटीची गोळी घेता का?’’ मी नाही म्हटले. घरी आल्यावर ह्यांनी माझ्या पर्समधली पट्टी काढून समोर ठेवली. सहा महिने रोज सकाळी मी ती गोळी औषधाच्या दुकानातून आणून घेत होते आणि तिला औषध म्हणतात हे माझ्या गावीही नव्हते. गोळी पंधरा दिवस बंद करून मगच रक्त द्यायचे ठरले, कारण त्या गोळीने जठरातले आम्ल दबते आणि रक्तातली जी मापे पाहायची तीच त्यामुळे वर-खाली होतात. रोगाचा आणि गोळीचा आवाज रक्तात एकसारखा उमटतो, असे डॉक्टर म्हणाले.

रक्त विमानाने दुसऱ्या शहरात गेले. माझ्याआधी माझ्या रक्तालाच विमानप्रवास घडला, असे हे म्हणाले. आठवड्याने कागद आला. जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींविरुद्ध माझ्याच शरीराने प्रतिपिंडे तयार केली होती. ब-१२ ला हाताशी धरून आतड्यापर्यंत नेणारा जो घटक जठर बनवते, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र सापडली नाहीत. ती असलेली माणसे असा आजार असलेल्यांत सुमारे निम्मीच असतात, तेव्हा न सापडण्याला अर्थ नाही. गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक भलतेच वाढलेले होते. आणि शेवटच्या ओळीत पेप्सिनोजेन-एक : चौदा. पेप्सिनोजेन-एक आणि दोन यांचे गुणोत्तर : एक पूर्णांक एक.

या पेप्सिनोजेनाचे गणित मला समजावून घ्यावे लागले, आणि समजल्यावर त्यातल्या कल्पकतेचे कौतुक वाटले. पेप्सिनोजेन-एक जठराच्या वरच्या व मधल्या भागातल्या ग्रंथींत तयार होते. दुसऱ्या प्रकारचे साऱ्या जठरात आणि लहान आतड्याच्या आरंभीही तयार होते. दोन्हींचा थोडासा अंश रक्तात उतरतो. वरचे अस्तर झिजले की पहिले घटते, दुसरे टिकते, आणि त्यांचे गुणोत्तर कोसळते. जपानात काझुमासा मिकी यांनी यावरून पोटात न शिरता अस्तराचा अदमास घेण्याची रीत बसवली. पहिले सत्तर किंवा त्याखाली आणि गुणोत्तर तीन किंवा त्याखाली असले, की अस्तर झिजले असावे, असे समजायचे.

आमच्या गल्लीत हे काम दूधवाला करतो. ज्या घरी पूर्वी चार पिशव्या लागत, तिथे आता एक लागते, एवढ्यावरून त्याला कळते की मुलगा बंगळुरूला गेला आणि सून माहेरी. कधी आत न जाता त्याला घराची अवस्था बहुतेक अचूक माहीत असते. पण रिकाम्या झालेल्या खोल्यांत आता कोण राहते, भाडेकरू आले आहेत की नुसती जळमटे, हे पिशव्यांवरून कळत नाही. पेप्सिनोजेनाचेही तेच आहे. कोण गेले ते त्याला कळते. त्यांच्या जागी कोण आले ते कळत नाही. आणि कर्करोगाच्या वाटेवरचा खरा प्रश्न तोच असतो.

ती वाट कोलंबियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरेया यांनी १९७५ मध्ये मांडली. आधी दीर्घकाळचा दाह, मग अस्तराची झीज, मग झिजलेल्या जागी आतड्यासारख्या पेशींची वाढ, मग त्या पेशींच्या रचनेतला बिघाड, आणि अखेरीस कर्करोग. बहुतेक माणसे या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर आयुष्य काढतात आणि दुसऱ्याच कशाने तरी मरतात. बहुतेकांच्या बाबतीत जिन्याची सुरुवात एका जिवाणूपासून होते. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो ओळखला, आणि कुणी विश्वास ठेवीना म्हणून मार्शलने १९८४ मध्ये तो घोटभर पिऊन स्वतःला आजारी पाडले. माझ्यासारख्या थोड्यांच्या बाबतीत शत्रू बाहेरचा नसतो. मात्र दोन्हीकडे, जिन्याच्या कोणत्या पायरीवर आपण उभे आहोत, हे सांगायला शेवटी अस्तराचा तुकडाच लागतो. रक्त सांगते की जिना आहे.

मी हे सगळे नागपूरला धाकट्या भावाला फोनवर सांगितले. या प्रकारचा आजार घराण्यात उतरू शकतो, तेव्हा त्यानेही तपासावे, हा माझा हेतू. तो म्हणाला, ‘‘ताई, रक्तानं सांगितलं ना? मग झालं. इंजेक्शन घे. पोटात नळी घालून कशाला घेऊन राहिली?’’

‘‘आईलाही इंजेक्शन देतच होते,’’ मी म्हटले.

तो गप्प राहिला. आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. नागपूरला त्याला नेले नव्हते; शेजारी ठेवले होते. पोट उघडून बंद केले हे त्याला पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळले, आणि तेव्हापासून पोटाच्या आत कुणी पाहायचे म्हटले की त्याचा जीव दडपतो. हे मला ठाऊक असूनही मी ते वाक्य बोलले.

खरे म्हणजे रक्ताचे आणि जठराचे नाते कळले तेच मुळी पोटात शिरल्यावर. या पंडुरोगात यकृत खाऊ घातले की रोगी उठून बसतो, हे बोस्टनमध्ये मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवले होते. पण निरोगी माणसाला यकृत न खाताही हा रोग का होत नाही? त्याच शहरातला विल्यम कॅसल नावाचा तरुण डॉक्टर रोज सकाळी तीनशे ग्रॅम जवळजवळ कच्चा खिमा खाई, तासाभराने घशात बोट घालून तो ओकून काढी, उबेत ठेवून विरघळू देई आणि नळीने रोग्याच्या पोटात सोडी. रोग्यांना हे सांगितलेले नव्हते. सांगितले असते तर काय झाले असते हे सांगायला नको. नुसत्या मांसाने रोग्याचे रक्त सुधारत नसे, नुसत्या जठररसानेही नसे. दोन्ही एकत्र गेले की आठवड्याभरात नवे रक्त दिसू लागे. म्हणजे दोष रक्तात नव्हताच. निरोगी जठराजवळ असे काहीतरी होते जे रोग्याच्या जठराजवळ उरले नव्हते. १९२९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मी वाचला तेव्हा आईच्या लाल कुपीचा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला. ती कुपी जठराचे काम वळसा घालून करीत होती. जठर होते तसेच राहिले होते.

गंमत अशी, की नेमक्या त्याच काळात आपल्या मुंबईत लूसी विल्स ही इंग्रज बाई अगदी तसेच दिसणारे रक्त पाहत होती. १९२८ मध्ये ती मुंबईला आली. गिरणीत राबणाऱ्या आणि गरीब वस्त्यांतल्या गर्भार बायका पांढऱ्या पडून मरत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशीही मोठ्या, फुगलेल्या. पाहणाऱ्याने सरळ कॅसलच्या रोग्यांचा आजार म्हटला असता. विल्सने त्यांना यीस्टचा अर्क चारला आणि त्या बऱ्या झाल्या. त्यांचे जठर धड होते; अन्नातच काही उणे होते, ज्याला पुढे फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. परळच्या गिरणीवालीचे रक्त आणि बोस्टनच्या म्हाताऱ्याचे रक्त काचपट्टीवर जुळ्या बहिणींसारखे दिसावे आणि घरे मात्र वेगळी असावीत! ‘शाकाहारी आहात, होणारच’ म्हणणाऱ्या मुलाची चूक काढायची तर ती एवढीच.

छत्तीसगडात रक्ताच्या तपासणीला असलेला मान मला कमी करायचा नाही. इथल्या कितीतरी घरांत लग्न ठरवताना पत्रिकेआधी ‘सिकलिंग’चा रिपोर्ट विचारला जातो, आणि विचारला जावाच. पण सिकल सेल हा रक्तातच राहणारा आजार आहे. तिथे पेशीचा आकार किंवा हिमोग्लोबिनचा प्रकार पाहणे म्हणजे प्रत्यक्ष आरोपीला पाहणे. जठराच्या बाबतीत रक्त म्हणजे शेजारी. शेजारी बरेच काही पाहतो आणि बहुधा खरे बोलतो. पण तो आत राहत नाही. एका तपासणीचा मान दुसऱ्या तपासणीने उचलावा, असे आपल्याकडे सहज होऊन जाते.

मी अखेर दुर्बिणीच्या तपासणीला तयार झाले. ज्या रुग्णालयात ती प्रथम झाली, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तिथली माणसे उद्धट नव्हती, फक्त घाईत होती. घशात बधिर करणारा फवारा, दातांत प्लॅस्टिकची कडी, डाव्या कुशीवर निजणे, ‘‘लंबी साँस लो, माताजी’’ आणि चार मिनिटांत सारे आटोपले. तीन दिवसांनी कागद मिळाला : सौम्य दाह, जिवाणू नाही, काळजीचे काही नाही. मी वाचून रडले. इतके हलके मला आई गेल्यापासून वाटले नव्हते. नागपूरला फोन केला. महाराष्ट्र मंडळात पेढे वाटायचे तेवढे राहिले.

आमच्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. ‘‘तुकडा किती ठिकाणचा घेतला?’’ तुकडा एकच होता, जठराच्या खालच्या टोकाचा, जिवाणू शोधण्यासाठी घेतात तिथला. माझ्या प्रकारच्या आजारात नेमका तोच भाग बहुधा धडधाकट राहतो. ‘‘ताई, त्यांनी ओसरी पाहिली,’’ ते म्हणाले, ‘‘आणि माजघर ठीक असल्याचा दाखला दिला.’’

माझा राग अनावर झाला. भाऊ फोनवर जवळजवळ विजयाने म्हणाला, ‘‘पाहिलंस? रक्तच खरं निघालं. तुझी ती बायप्सी खोटी.’’ आणि मला उत्तर सुचले नाही, कारण तो अर्धा बरोबर होता. तुकडा खोटे बोलला नव्हता. त्याला जिथले विचारले तिथले त्याने खरे सांगितले होते. सात-आठशे चौरस सेंटिमीटरचे अस्तर आणि त्यातला तांदळाच्या कणीएवढा तुकडा. झीज सगळीकडे सारखी होत नाही. जुन्या भिंतीचा रंग उडावा तशी ठिकठिकाणी होते. म्हणून तर १९९० मध्ये सिडनीला आणि पुन्हा १९९४ मध्ये ह्यूस्टनला जगभरचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी ठरवून दिले, की खालच्या भागातून दोन, मधल्या-वरच्या भागातून दोन आणि दोहोंमधल्या कोपऱ्यातून एक, असे निदान पाच तुकडे घ्यावेत, आणि कोणता कुठला हे कळेल असे वेगवेगळे ठेवावेत. मुंबईत १९४१ मध्ये टाटा रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून डॉ. वसंत रामजी खानोलकरांसारख्या माणसांनी आपल्याकडे तुकडा वाचण्याची विद्या रुजवली. पण वाचणाऱ्याने कितीही चांगले वाचले, तरी त्याच्या हाती पान कोणते दिले यावर सारे आहे.

रक्त नसते तर त्या पहिल्या कागदावर मी विसंबले असते. रक्तावरच थांबले असते, तर पुढचे कळले नसते.

दुसऱ्या वेळी पाच बाटल्या भरल्या. नंबर घातलेल्या, फॉर्मलीनमध्ये बुडालेले पांढुरके कण. त्या पाहून मला आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेची आठवण झाली. कण वाचणारी डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने मला संध्याकाळी बोलावून सूक्ष्मदर्शक दाखवला. पहिल्या दोन काचा खालच्या भागाच्या. ग्रंथी ओळीने, दाट, आखून ठेवल्यासारख्या. ‘‘बाई, हे ठीक आहे,’’ ती म्हणाली. मग चौथी काच. ग्रंथी विरळ, मधे मोकळी मैदाने. आणि त्या विरळ वस्तीत निळ्या रंगाने रंगलेल्या, पाण्याच्या पेल्यासारख्या फुगीर पेशी. ‘‘या आतड्यातल्या आहेत. यांचं घर इथं नाही. पण यांनी बिऱ्हाड केलंय.’’

मी बराच वेळ पाहत राहिले. भोसल्यांच्या फौजेमागून छत्तीसगडात आलेल्या आणि इथेच राहिलेल्या माणसांचे आमचे कूळ. परक्या जागी बिऱ्हाड करण्याला नावे ठेवायचा मला अधिकार नाही, असे काहीसे मनात येऊन हसू आले. तिला ते सांगितले नाही. तिने पुढची काच लावली, मग पुन्हा चौथी. जिन्यावरची पुढची पायरी, म्हणजे पेशींच्या रचनेतला बिघाड, तिला कुठे दिसला नाही. ‘‘या पाचांत नाही,’’ ती म्हणाली. ‘या पाचांत’ हे शब्द तिने मुद्दाम वापरले, हे मी शिक्षिका असल्यामुळे माझ्या लक्षात आले.

आता तीन-तीन वर्षांनी पुन्हा आत पाहायचे आहे. लाल इंजेक्शन महिन्याला सुरू आहे. ते घेताना मी दंड पुढे करते आणि तोंड फिरवते, आईही असेच करत असे.

या साऱ्या धावपळीत एक प्रश्न मला सोडत नाही. माझ्याजवळ पेन्शन आहे, चौबे कॉलोनीत घर आहे, रिक्षाच्या अंतरावर दुर्बीण आहे. २०१२ पासून शहरात एम्सही आहे. बस्तरच्या आतल्या गावातली बाई काय करील? दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आत पाहण्याची सोय सरकारच करते, कारण तिथे हा कर्करोग घरोघर आहे. आपल्याकडे तो जिवाणू बहुसंख्यांच्या पोटात असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आहे, असे का याचा उलगडा पुरता झालेला नाही. मिझोरम मात्र त्याला मोठा अपवाद आहे. अशा देशात प्रत्येकाच्या पोटात नळी घाला म्हणणे वेडेपणाचे होईल. तिथे रक्ताची चाळणी हीच शहाणी वाट. चाळणीतून काही निसटतील, हे धरून चालायचे. जिवाणूच्या दाहात पेप्सिनोजेन उलट वाढते आणि खालच्या भागातली झीज त्यामागे लपून राहते. काही जण उगाच अडकतील. तरीही कुणाला आत पाहायला बोलवायचे, हे ठरवायला तिच्याइतके स्वस्त साधन नाही. माझा वाद चाळणीशी नाही. चाळून झाल्यावर पीठ न पाहता डबा बंद करणाऱ्यांशी आहे. आणि त्यांत आमचे अण्णा होते, मी होते, तो विमानाने गेलेल्या रक्ताचा रिपोर्ट पाहून इंजेक्शन घे म्हणणारा माझा भाऊही.

तो यंदा गणपतीला आला होता. महाराष्ट्र मंडळातली आरती झाली, प्रसाद झाला, बायका खिरापतीची वाटणी करत होत्या. तो बाहेर पायरीवर बसला होता. मी जवळ गेले तेव्हा त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. त्याला न विचारता मी तो उघडला. प्रतिपिंडे होती. पेप्सिनोजेन-एक, एकोणतीस. गुणोत्तर दोनच्या खाली. तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती.

‘‘वहिनीला दाखवलास?’’ त्याच्या बायकोला मी वहिनीच म्हणते.

‘‘नाही.’’

आत कुणीतरी झांजा आवरून ठेवत होते. त्यांचा एक उगाचचा आवाज झाला. तो मान खाली घालून चपलेचा अंगठा चाचपत राहिला. मग म्हणाला, ‘‘ताई, ती नळी किती जाड असते गं?’’

मी माझी करंगळी त्याच्यापुढे धरली. त्याने ती दोन बोटांत धरून पाहिली, लहानपणी जत्रेत धरायचा तशी, आणि बराच वेळ सोडली नाही.